वाचकांचे प्रश्न : श्रवणयंत्र वाटल्यानंतर काय?

प्रश्न : आमच्या खानापूर-आटपाडी भागातील गलाई (सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) व्यवसायातील लोक देशभर विखुरलेले आहेत आणि गावच्या यात्रेला एकत्र येतात. या वर्षी वर्गणी काढून परिसरातील कर्णबधिर बालकांना श्रवणयंत्रे वाटण्याचा विचार आहे. परंतु पूर्वी एका मंडळाने वाटलेली यंत्रे आज कपाटांत पडून आहेत, असे ऐकतो. आमचेही तसेच होऊ नये यासाठी काय करावे?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : ती यंत्रे कपाटात का गेली, हे आधी पाहिले पाहिजे. बाळाचा कान वाढतो तसा कानात बसणारा मोल्ड सैल होतो, यंत्र शिट्टी मारू लागते, मूल ते ओढून काढते आणि कंटाळलेली आई ते डबीत ठेवून देते. पहिल्या वर्षात हा मोल्ड एक-दोन महिन्यांनी आणि पुढे शाळेत जाईपर्यंत साधारण तीन ते सहा महिन्यांनी नवा करावा लागतो. छोटी बॅटरी आठवड्या-दोन आठवड्यांत संपते. ती तालुक्याच्या गावीही सहज मिळेलच असे नाही. शिवाय प्रत्येक मुलाच्या तपासणीनुसार यंत्राचा आवाज जुळवावा लागतो. एकाच दिवशी सर्वांना सारखीच यंत्रे देणे म्हणजे सर्वांना एकाच नंबरचा चष्मा वाटणे होय, आणि येथे धोका अधिक, कारण गरजेपेक्षा मोठा आवाज उरलेल्या श्रवणशक्तीला इजा करू शकतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की मुले थोडी घ्यावीत आणि वर्षे अधिक द्यावीत. यंत्रासाठी केंद्र शासनाची एडिप ही दिव्यांगांना साहाय्यक साधने देणारी योजना आहे. जन्मजात कर्णबधिर बालकांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठीही (शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवायचे ऐकण्याचे उपकरण), वयाच्या अटीत बसत असल्यास, तिच्यातून साहाय्य मिळते. आपला पैसा शासनाचा पैसा पोहोचत नाही तेथे लावावा : मोल्ड, बॅटऱ्या, दुरुस्ती, आटपाडीहून सांगली-मिरजेला जाण्याचे एसटीचे भाडे आणि त्या दिवशीची आईची बुडालेली मजुरी. ही शेवटची बाब देणगीदारांना फुटकळ वाटते, परंतु पालक मुलाला घेऊन ऐकण्या-बोलण्याच्या थेरपीला येणे बहुधा तिच्यामुळेच थांबते. सगळी वर्गणी पहिल्याच वर्षी न संपवता तिचा मोठा भाग मुदत ठेवीत ठेवावा व व्याजातून हे आवर्ती खर्च भागवावेत. सत्काराच्या हारतुऱ्यांवर होणारा खर्च त्यातच मिळवला, तर कोणाचे काही बिघडणार नाही.

वेळेचा प्रश्न पैशाइतकाच महत्त्वाचा आहे. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास प्रारंभ, हा सर्वमान्य दंडक आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो येथील मुलांवरच्या, 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा लक्षणीयरीत्या पुढे गेल्याचे दिसले. त्यामुळे यात्रेतल्या एका शिबिरापेक्षा, नवजात बाळांच्या घरी जाणाऱ्या आशा कार्यकर्त्या आणि 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक यांच्याशी आपला उपक्रम जोडून घ्यावा. ओएई या श्रवणाच्या प्राथमिक चाचणीत शंका आलेल्या बाळाची बेरा ही निदानासाठीची पुढची चाचणी महिनाभरात व्हावी, एवढी जबाबदारी मंडळाने घेतली, तरी ते मोठे काम ठरेल.

आपल्या भागाची एक विशेष अडचण आहे. गलाईवाल्यांची कुटुंबे परराज्यांत राहतात, तर याच जिल्ह्यातील ऊसतोड मजूर हंगामात घर सोडतात. अशा मुलाची फाईल, म्हणजे ऑडिओग्राम (श्रवणतपासणीचा आलेख), यंत्राचे मॉडेल आणि जुळवणीची नोंद, दवाखान्यात न ठेवता पालकांच्या हाती द्यावी, म्हणजे कोइमतूरचा श्रवणतज्ज्ञही पुढचे काम करू शकेल. तेथे राहणाऱ्या आईने मुलाशी निःसंकोच मराठीतच बोलावे. जी भाषा तिला सहज येते, तीच मुलाला भरपूर ऐकायला मिळते.

बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञावर सारा भार ठेवू नये. बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेल्या एखाद्या स्थानिक मुलीला श्रवण, भाषा व वाचा या विषयाच्या एक वर्षाच्या पदविकेसाठी पाठवून, परत आल्यावर तिला नियमित मानधन द्यावे. वार्षिक अहवालात वाटलेल्या यंत्रांची संख्या छापण्याऐवजी वर्षानंतर यंत्र दिवसातून किती तास कानावर असते, हे छापावे. अनेक डिजिटल यंत्रे ही नोंद स्वतःच ठेवतात.

प्रश्न : आमच्या अंगणवाडीतील एका मुलीला नुकतेच यंत्र लागले आहे. हातवारे पूर्ण बंद केले नाहीत तर ती बोलणार नाही, असे तिच्या आईला कोणी सांगितले. हे खरे आहे का?
– एक अंगणवाडी सेविका, माण (जि. सातारा)

उत्तर : सेविकाताई, या समजाला भक्कम आधार नाही. खुणांमुळे बोलणे खुंटत नाही. भाषेशिवाय गेलेली वर्षे मात्र भरून काढणे फार कठीण असते. यंत्र जागेपणी सतत कानावर असावे, आईने समोर बसून बोलावे, आणि गरज पडेल तेथे खूणही करावी. यंत्राचा पुरेसा लाभ होत नाही असे पुढे दिसल्यास भारतीय सांकेतिक भाषा रीतसर शिकवावी, आणि ती आईवडिलांनीही शिकावी. सध्या आपण एवढे पाहावे, की अंगणवाडीत आल्यावर यंत्र चालू आहे का, मोल्ड सैल झाला आहे का, आणि काढलेली बॅटरी कोणा मुलाच्या हाती तर लागली नाही ना. ती गिळली गेल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते.