रोजच्या वापरासाठी आणि मन लावून ऐकण्यासाठी तुमचा आवडता इन-इअर मॉनिटर कोणता?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसला रोज बस आणि मेट्रोने जाता, ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत, बजेट १५ हजार, आणि एवढ्यात एकच भारी आयईएम (इन-इअर मॉनिटर, म्हणजे कानाच्या आत बसणारा इअरफोन) घ्यावा की दोन साधे, हे ठरत नाहीये. दोन घ्या. रोजच्यासाठी ट्रुथिअर झीरो रेड आणि घरी निवांत ऐकायला ट्रुथिअर हेक्सा. पहिला साधारण पाच हजारांच्या आसपास मिळतो, दुसरा सात-आठ हजारांच्या. किमती वरखाली होत राहतात, पण डाँगल (फोनला गोल जॅक नसला तर मध्ये लावायचा छोटा जोड) धरूनही तुमच्या बजेटात बसायला हवं.

आता दोन का, ते सांगतो. रस्त्यावरचा गोंगाट बराचसा खर्जातला असतो. पुण्यातल्या पीएमपीच्या बसचं इंजिन घ्या किंवा शिवाजीनगर ते स्वारगेट या भुयारी टप्प्यातली मेट्रोची घरघर घ्या. हा आवाज गाण्यातला नेमका खालचा भाग झाकून टाकतो. काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्या गायकाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या जवळ. डग्ग्याचा घुमाराही याच आसपास. बसमध्ये सगळ्यात आधी हेच नाहीसं होतं, उरतो तो चिरका भाग, आणि मग हात आपोआप आवाज वाढवायला जातो. आवाज वाढवला की वरचे स्वरही तितकेच वाढतात आणि अर्ध्या तासात कान थकतात. म्हणून बाहेर असा आयईएम हवा जो कानात घट्ट बसून गोंगाट अडवेल आणि ज्याचा बेस थोडा चढा असेल. तोच चढा बेस घरी, रात्रीच्या शांततेत, तंबोऱ्यावर साचून बसतो. एकाच ट्यूनिंगला दोन्ही साधत नाही, मग किंमत कितीही असो.

झीरो रेडमध्ये दोन डायनॅमिक ड्रायव्हर (पडदा हलवून आवाज काढणारे छोटे स्पीकर) आहेत, एक १० मिलिमीटरचा आणि एक ७.८ मिलिमीटरचा. सोबत १० ओहमचा एक छोटा जोड येतो, तो केबल आणि फोनच्या मध्ये लावला की बेस वाढतो. मी बाहेर तो लावूनच ऐकतो. घरी काढला की आवाज बराच सपाट, म्हणजे समतोल होतो, त्यामुळे समजा तुम्ही शेवटी एकच घ्यायचं ठरवलंत, तर हाच घ्या. याची अडचण एकच, पण ती खरी आहे: कानात जाणारी नळी जाड आहे. कानाचं भोक लहान असेल तर तासाभरात दुखायला लागतं. तसं असेल तर मूनड्रॉप चू २ बघा. तो दोन हजारांच्या आतबाहेर मिळतो, लहान आहे, वजन जाणवत नाही आणि केबल बदलता येते. पहिल्या चूची केबल कायमची जोडलेली होती, ती तुटली की सगळंच गेलं. सेव्हन हर्ट्झ सॅलनोट्स झीरो २ हाही त्याच किमतीतला, आणखी गुबगुबीत बेसचा. रहमान किंवा हल्लीची मराठी चित्रपटगीतं जास्त ऐकत असाल तर तो आवडेल. ख्यालाला मी चू २ घेईन.

टिपांकडे, म्हणजे नळीवरच्या रबरी टोप्यांकडे, मात्र दुर्लक्ष करू नका. खोक्यात तीन-चार मापांच्या येतात आणि बहुतेक जण मधली लावून मोकळे होतात. डावा आणि उजवा कान एका मापाचे असतीलच असं नाही. टिप नीट बसली नाही की बेस निघून जातो आणि माणूस आयईएमलाच नावं ठेवतो. टिप थोडी ओली करून, दुसऱ्या हाताने कान वर ओढून बसवा. बाहेरचा आवाज एकदम दूर गेल्यासारखा वाटला पाहिजे.

आता निवांत ऐकण्याबद्दल. कुठलाही आयईएम हातात आला की मी आधी नुसता तंबोरा लावतो, गाणं नंतर. घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा नीट सरकवला की तार घोडीला घासत वाजते आणि तिच्यातून वरचे स्वर एकामागून एक फुटत जातात. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो तिचा पाचवा उपस्वर. काळी एकच्या तंबोऱ्यात तो ३४६ हर्ट्झच्या आसपास पडतो. आयईएमचा २०० हर्ट्झच्या जवळचा भाग फुगलेला असेल तर हा गंधार धुक्यात जातो. सहा-आठ हजार हर्ट्झचा आवाज जास्त चढा असेल तर जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणाट, काचेसारखी टोचते, हार्मोनियम कर्कश होते आणि नाट्यपदातला प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ कानात शिट्टी मारतो. गंधार स्पष्ट आणि जवारी मऊ, या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या की मग बाकीचं बघायचं.

हेक्सा या परीक्षेत त्याच्या किमतीच्या मानाने फार चांगला उतरतो. त्यात एक डायनॅमिक ड्रायव्हर आणि तीन बॅलन्स्ड आर्मेचर (आणखी लहान, वेगळ्या पद्धतीचे ड्रायव्हर) आहेत. बेस कमी आहे पण घट्ट आहे, डग्ग्याची मींड तुटत नाही, आणि विलंबित ख्यालात गायक, तंबोरा, हार्मोनियम आपापल्या जागी राहतात. बसमध्ये मात्र तो पातळ वाटतो, तिथे नेऊ नका.

जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी एक वेगळी सूचना. केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून केलेल्या फाइल्स ऐकत असाल तर त्यात वरच्या भागात संगीत फार कमी आणि खरखर जास्त असते. ट्रेबल (वरचा, चिरका भाग) तापट असलेला आयईएम ती खरखरच पुढे आणतो. इथे सेनहायझर आयई २०० मला फार आवडतो. ७ मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर, इतका लहान की उशीवर कुशीवर झोपूनही ऐकता येतं, आणि टिप नळीवर आत किंवा बाहेर अशा दोन जागी बसवता येते, बाहेरच्या जागेवर बेस बराच कमी होतो. ख्याल आणि जुनी मुद्रणं हेच तुमचं मुख्य ऐकणं असेल तर हेक्साऐवजी याचा विचार जरूर करा, बजेट थोडं ताणावं लागेल.

माझा स्वतःचा सगळ्यात आवडता आयईएम तुमच्या बजेटबाहेरचा आहे, तरी सांगतो: एटिमोटिकचा ईआर-४ एसआर. ईआर-४ ही मालिका १९९१ पासून आहे, एसआर २०१६ मध्ये आला. आत फक्त एक आर्मेचर, श्रवणयंत्रांच्या दुनियेतून आलेलं. सहा, आठ, दहा ड्रायव्हरची जाहिरात वाचून भारावून जाणाऱ्यांनी हा एकदा ऐकावाच. तीन थरांची टिप कानात इतकी खोल जाते की पहिल्या दिवशी नको वाटतं, पण मग बाहेरचं जग जवळजवळ बंद होतं, आणि गायकाने श्वास कुठे घेतला, मुरकीत कोणता कण लागला, सगळं समोर येतं. डग्ग्याचा घुमारा अंगावर येत नाही, नुसता ऐकू येतो. ज्यांना तो अंगावर हवा त्यांनी मूनड्रॉप ब्लेसिंग ३ ऐकावा, दोन डायनॅमिक आणि चार आर्मेचरचा, तीस हजारांच्या घरातला. तो अधिक भरदार आहे यात शंका नाही. तरी कंठसंगीतासाठी मी ईआर-४ एसआरच उचलतो. त्याची केबल शर्टाला घासली की टकटक कानात येते, म्हणून सोबतची क्लिप लावावी लागते, आणि ४५ ओहमचा (म्हणजे जास्त विद्युतरोधाचा) असल्याने फोनच्या किरकोळ डाँगलवर तो पुरेसा उघडत नाही.

डाँगलचं निघालंच आहे तर: फोनला गोल जॅक नसेल तर अ‍ॅपलचा टाइप-सी डाँगल स्वस्त आणि उत्तम आहे, फक्त काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज फार हळू येतो. झीरो रेड आणि हेक्सा दोन्ही सहज वाजणारे आहेत, त्यांना महागडा डॅक (डिजिटल आवाज कानापर्यंत पोचवणारं वेगळं यंत्र) लागत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत केबल आणि जोड भरपूर मिळतील, पण डाँगल घेताना तिथेच फोनला लावून गाणं वाजवून बघा.

आवाजाच्या मर्यादेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ आकडा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास असा आहे. घट्ट बसणारी टिप असली की त्याच्या पुष्कळ खाली राहता येतं. आणि दुचाकीवर हे कानात अजिबात घालू नका, हेल्मेटच्या आतसुद्धा नाही. कर्वे रोडवर रोज कुणी ना कुणी केबल लोंबकळत जाताना दिसतं आणि पोटात गोळा येतो. मागच्या बसचा हॉर्न यातून खरोखर ऐकू येत नाही.

तुमचा फोन कोणता आणि कानाला जाड नळी सोसते का, हे प्रतिसादात कळवलंत तर झीरो रेड की चू २, ते नक्की सांगता येईल.