केमो लागू पडेल का, एमआरआय सांगेल?

प्रश्न : वडील 64 वर्षांचे. मूत्राशयाचा कॅन्सर स्नायूपर्यंत गेलाय. आधी केमो, मग मूत्राशय काढायचं ठरलंय. केमोचा गुण येईल का, हे एमआरआयवरून आधीच कळतं का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : अंदाज येतो, खात्री नाही. डिफ्यूजन एमआरआयमध्ये गाठीतल्या पाण्याची हालचाल मोजतात. पेशी दाटीवाटीने असल्या की ती अडते, ही हालचाल दाखवणारा एडीसी आकडा कमी येतो. केमोने पेशी मरू लागल्या की आकडा वाढतो, कित्येकदा गाठ आक्रसण्याच्या आधीच. म्हणून एकट्या पहिल्या स्कॅनपेक्षा केमोआधीचा आणि केमोच्या काही सायकलनंतरचा (फेऱ्यांनंतरचा), अशी तुलना जास्त बोलकी.

ही तुलना बिघडते ती तयारीत. दुर्बिणीने गाठ खरवडल्यावर निदान 2 आठवडे थांबा, नाहीतर सूज गाठीसारखी दिसते. स्कॅनच्या तास-दोन तास आधी लघवी करून घ्या, मग रोखून धरा. मूत्राशय मध्यम भरलेलं हवं. गुदाशयातला वायू किंवा खुब्यातला धातूचा सांधा डिफ्यूजनची चित्रं वेडीवाकडी करतो, तेव्हा सांधा बसवला असेल तर आधीच सांगा. पहिला स्कॅन धुळ्यात आणि दुसरा जळगावात, असं शक्यतो नको. मशीन बदललं की आकडेही बदलतात. सीडी जपून ठेवा.

क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) मात्र केमोआधी तपासाच. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध किडनीवर भारी पडतं, त्यात आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन. पाणी किती प्यायचं, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

स्कॅन स्वच्छ आला तरी सूक्ष्म पेशी उरलेल्या असू शकतात. तेवढ्यावर शस्त्रक्रिया टाळू नका.