कॅमेरा कट्टा : पोटाजवळ आणला की स्क्रीन काळी!

प्रश्न : नवीन छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेतलाय. लेकीचे फोटो काढायला कॅमेरा खाली पोटाशी धरला की स्क्रीन मधेच बंद होते, लांब नेला की परत चालू. पीस खराब आलाय का? आणि अंगठा लागून आपोआप व्हिडिओ सुरू होतो तो वेगळाच ताप, घरी येऊन बघतो तर नुसतं चपलांचं शूटिंग.
– एक वाचक, सांगली

उत्तर : पीस ठणठणीत आहे, सर्व्हिस सेंटरला नेऊ नका. व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावून बघायच्या खिडकीच्या) काचेला लागूनच एक बारीकसा सेन्सर असतो, त्याच्यापुढे काही आलं की कॅमेऱ्याला वाटतं तुम्ही डोळा लावला, मग तो स्क्रीन बंद करून चित्र व्ह्यूफाइंडरमध्ये पाठवतो. आता त्याला डोळा काय नि शर्टाचं बटण काय, सगळं सारखंच! मेनूत व्ह्यूफाइंडर-मॉनिटरची (मॉनिटर म्हणजे मागची स्क्रीन) सेटिंग ऑटोवर असेल ती मॅन्युअल करा, आणि जमत असेल तर ही अदलाबदल एखाद्या कस्टम बटणावर (ज्याला आपल्याला हवं ते काम देता येतं) लावून टाका, नाहीतर तुम्ही मेनू उघडेपर्यंत लेक पळालेली असते.

व्हिडिओचं बटण ज्यांनी तिथं बसवलं त्यांचे अंगठे बहुतेक करंगळीएवढे असावेत. बॉडी लहान केली की मागच्या बाजूला अंगठा टेकवायला जागाच उरत नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये हे बटण फक्त मूव्ही मोडमध्येच चालेल असं करता येतं, किंवा त्याला दुसरं काहीतरी काम देता येतं. ते आजच करा.

प्रश्न : ट्रायपॉडला लावला की बॅटरीचं झाकण उघडत नाही. कार्डही त्याच झाकणाखाली. आणि बॅटरी दुपारपर्यंत पण पुरत नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हे मात्र मेनूतून सुटणारं नाही. स्क्रूचं भोक झाकणाला एवढं चिकटून दिलंय की ट्रायपॉडची मोठी प्लेट लावली की झाकण अडणारच, त्यामुळे लहान प्लेट घ्या नि झाकणाच्या विरुद्ध बाजूला सरकवून बसवा. बॅटरीचं म्हणाल तर आरशाच्या कॅमेऱ्यात काचेतून थेट उजेड दिसायचा, बघायला वीज लागायची नाही, इथं कॅमेरा चालू आहे तोवर चित्र टिपणारा सेन्सर आणि स्क्रीन दोन्ही जागेच. ऑटो पॉवर ऑफ एक मिनिटावर ठेवा, वायफाय-ब्लूटूथ बंद, आणि जोडीला एक जास्तीची बॅटरी. यूएसबी-सी असेल तर पॉवर बँकेवर चार्ज होतो, झाकण उघडायला नको, फक्त जुन्या बॉडी बऱ्याचदा बंद असतानाच चार्ज होतात हे लक्षात घ्या. (युरोपात 28 डिसेंबर 2024 पासून नव्या कॅमेऱ्यांना यूएसबी-सी सक्तीचं झालंय, त्यामुळे ती जुनी मायक्रो यूएसबीची पिन आता सुटेल.)

प्रश्न : नाटकाचं रेकॉर्डिंग 29 मिनिटं 59 सेकंदांना बंद पडतं.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बिघाड नाही, कराची भानगड! सलग 30 मिनिटं रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा युरोपच्या कस्टम्स खात्यात व्हिडिओ कॅमेरा धरला जायचा आणि त्यावर जादा ड्युटी (आयातकर) बसायची, म्हणून कंपन्यांनी एक सेकंद आधीच थांबवला, आणि भोगतोय आपण. नव्या बऱ्याच मॉडेलमध्ये ही मर्यादा काढलीय. तुमच्यात असेल तर 29 मिनिटांची वाट बघूच नका, प्रवेश संपून अंधार झाला की बंद करून लगेच परत चालू करा.