धनगर या शब्दात मेंढी कुठे आहे?

मस्कत, शुक्रवार

लाडक्या लेकरा,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, पुस्तकात मेंढपाळ लिहिलंय, पण आपल्या वावरात मेंढरं बसवतात त्यांना आपले अण्णा 'धनगर' म्हणतात. दोन शब्द कशाला?" तेव्हा ड्युटीवर निघालो होतो. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

मेंढपाळ सोपा आहे. मेंढ्या पाळतो तो मेंढपाळ. गोपाळातला 'पाळ' तोच. हे कामाचं नाव. धनगर हे समाजाचं नाव. एखादे धनगर वकील असतील, मेंढीला कधी हातही लावला नसेल, तरी ते धनगरच. अहिल्यादेवी होळकर याच समाजातल्या. त्यांचं जन्मगाव चोंडी, आपल्या बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात.

पण 'धनगर' या शब्दात मेंढी कुठेच नाही बघ. कर्नाटकात मेंढपाळ समाजाला कुरुब म्हणतात, आणि कन्नडमध्ये 'कुरी' म्हणजे मेंढी. आपल्याकडे आहे 'धन'. काही जण म्हणतात, मूळ शब्द संस्कृत 'धेनुगर', म्हणजे गायी राखणारा. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा, १९२० साली, सय्यद सिराज उल हसन यांनी तिथल्या जातीजमातींवर ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी ही व्युत्पत्ती काल्पनिक ठरवली. कुणी डोंगराशीही नातं जोडतात. मला मात्र धन म्हणजे जित्राब हाच अर्थ पटतो. पशुधन म्हणतोच की आपण.

तुझ्याएवढा होतो तेव्हा सुगी सरली की वाडा, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांचा तळ, यायचा. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर बांधलेली कोंबडी, मागून कुत्री. रात्री वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं आपल्या वावरात बसायची. सकाळी लेंड्यांनी काळी जमीन आणखी काळी दिसायची आणि अण्णा त्याबदल्यात ज्वारी मापून द्यायचे. मेंढरं बसलेला तुकडा पुढच्या पिकात लांबून ओळखू यायचा. खताची पोती विकत आणायची गरज नसायची. म्हणून सांगतो, ते धन त्यांचं होतं तसं आपलंही होतं.

आता वाडा आला की अण्णांबरोबर वावरात जा. कोकराला हात लावायच्या आधी विचार. आणि हाक मारताना 'ओ धनगर' नको, मामा म्हण. आम्ही मामाच म्हणायचो.

तुझे बाबा