नशीब ‘उघडतं’ की ‘काढावं’ लागतं?

प्रश्न असा आला आहे: “जो कष्ट आणि चिकाटी सोडत नाही, त्यालाच नशीब साथ देतं, या अर्थाने भाषणात ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ ही ओळ घेतली तर चालेल का? की दुसरी म्हण आहे?”

ही ओळ घेऊ नये. ती वामन पंडितांची आहे, भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या एका श्लोकाच्या मराठी रूपाची सुरुवात. पूर्ण श्लोकाचा आशय असा: वाळू रगडून एक वेळ तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, रानात फिरताना सशाचं शिंगसुद्धा सापडेल, पण मूर्खाचं मन वळवता येणार नाही. म्हणजे वाळूचं तेल हे इथे अशक्य गोष्टीचं उदाहरण आहे, प्रयत्नांची थोरवी नव्हे. पहिली ओळ श्लोकातून सुटली आणि सुभाषित होऊन बसली. रोजच्या बोलण्यात तो अर्थ आता रुळलाय, त्याला हरकत नाही. पण भाषणात समोर श्लोक पाठ असलेला एखादा श्रोता असतोच, आणि त्याला पुढची ओळ आठवते. शिवाय या ओळीत नशिबाचा विषयच नाही.

तुम्हाला हवी ती म्हण ‘उद्योगाचे घरी रिद्धीसिद्धी पाणी भरी’. उद्योग म्हणजे इथे कारखाना किंवा धंदा नव्हे, तर नेटाने केलेला प्रयत्न. पाणी भरणं म्हणजे चाकरी करणं. भरभराट कष्टाळू माणसाच्या घरी पाण्याच्या खेपा घालते आहे, असं हे चित्र. नशीब इथे मालक नाही, चाकर आहे. आजच्या मराठीत आपण ‘उद्योगाच्या घरी’ म्हणू, पण म्हणीतलं जुनं ‘उद्योगाचे घरी’ तसंच ठेवावं. आणखी एक सुंदर गोष्ट: ‘योग आला’ म्हणतो तो योग आणि उद्योग, दोन्ही ‘युज्’ या एकाच धातूचे.

‘प्रयत्नांती परमेश्वर’ही चालेल, पण तिचा भर शेवटी फळ मिळण्यावर आहे. ती ‘प्रयत्नार्थी परमेश्वर’ अशीही लिहिलेली दिसते, ते चूक. शब्द ‘प्रयत्न + अंती’ असा आहे, प्रयत्नांच्या शेवटी.

आता क्रियापदं, कारण खरी गंमत तिथे आहे. नशीब उघडतं, उजळतं, फळफळतं. या सगळ्यांत कर्ता नशीब, माणूस नुसता बघणारा. ‘त्याने नशीब काढलं’ म्हटलं की कर्ता माणूस होतो. तरीही हा वाक्प्रचार जपून वापरावा. ‘नशीब काढलंस हो!’ हे पुष्कळदा कष्ट न करता चांगलं स्थळ किंवा घबाड मिळालेल्यालाही म्हणतात, कधी थोड्या असूयेनेही. कष्टाचं श्रेय द्यायचं असेल तर ते वाक्यातच सांगावं: ‘दहा वर्षं राबून तिने नशीब काढलं.’ ‘नशीब घडवलं’ त्याहून निःसंदिग्ध.

शब्दांच्या मुळाशी गेलं तर अडचण कुठून येते ते कळतं. नशीब हा शब्द अरबी ‘नसीब’वरून आला, अर्थ वाटा. किस्मतही अरबीच, मुळात वाटणी. भाग्य तर ‘भाग’ यातूनच आलं. तिन्ही शब्दांत कुणीतरी वाटणारा आहे आणि आपण हात पुढे करून उभे आहोत. प्रारब्ध मात्र वेगळं. त्याचा शब्दशः अर्थ ‘आरंभलेलं’: आपल्याच आधीच्या कर्मांपैकी ज्यांचं फळ सुरू झालं आहे ती. हताशपणे ‘प्रारब्ध!’ म्हणून सुस्कारा सोडतो तेव्हा त्यातलं कर्म आपण विसरलेलो असतो.

भाषणात एक म्हण मात्र चुकूनही नको: ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’. संस्कृतात याच जातीचा काकतालीय न्याय आहे. दोन घटना एका वेळी घडल्या, पण एकीमुळे दुसरी नाही, एवढंच ती सांगते. तुमचा मुद्दा नेमका उलटा आहे.

लेखी प्रत देणार असाल तर ‘नशीब’मधला ‘शी’ दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व: नशिबाने, नशिबात, नशिबाची. ‘नशीबाने’ हे रूप सर्रास छापलं जातं, ते टाळा.