बांगडे टाका, आणि फ्रीज भिंतीपासून ओढा

पत्र: सासूबाईंनी मालवणहून सुरमई, कोळंबी आणि बांगडे, सगळे मिळून चारेक किलो, साफ करून बर्फात घालून पाठवले. ते फ्रीझरमध्ये ठेवून आम्ही शुक्रवारी दुपारी लग्नासाठी कोल्हापूरला गेलो. निघताना ह्यांनी सवयीने मेन स्विच बंद केला. सोमवारी रात्री परतलो तर फ्रीजखाली लालसर पाणी आणि घरभर कुजका वास. ह्यांनी लगेच मेन चालू केला, सकाळपर्यंत सगळं पुन्हा गोठलं. सुरमई-कोळंबी मी टाकली. बांगड्यांचे दोन डबे अजून आहेत. हे म्हणतात, मीठ-हळद लावून कडक तळले की काही होत नाही. आज बारा दिवस झाले. खायच्या सोड्याच्या पाण्याने फ्रीज तीनदा पुसला, लिंबं कापून ठेवली, धूप घातला, तरी वास आहेच. शेजारच्या काकू जिन्यात नाकाला पदर लावतात. फ्रीज भंगारात द्यावा का? आणि सासूबाई फोनवर विचारतात, ‘बांगडे कसे लागले?’ मी ‘छान होते’ म्हणून मोकळी झाले. आता रोज खातंय मनाला.
– एक वाचक, डोंबिवली

प्रिय ताई,

आधी बांगडे. ते टाकायचेच आहेत आणि त्यावर घरात चर्चा नको. बांगडा, तारली, कुपा, सुरमई या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा चार-पाच अंशांच्या वर राहिला की त्यातले जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. तुमचा फ्रीझर साधारण ७८ तास बंद होता. दार उघडलं नाही तरी गच्च भरलेला फ्रीझर फार तर दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एकच दिवस. म्हणजे बांगडे पूर्ण सुटून घरच्या उष्णतेत पडून होते. हिस्टामीन एकदा झालं की तळून जात नाही, उकळून जात नाही, पुन्हा गोठवूनही जात नाही. मीठ-हळदीने वरचा वास दबेल, पण आतलं तसंच राहील. असा मासा खाल्ला की काही मिनिटांत ते दोनेक तासांत तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं. आणि अशा माशाला वास येईलच असंही नाही, त्यामुळे हुंगून निर्णय करता येत नाही.

डबे उघडू नका. घंटागाडी येईल त्या सकाळपर्यंत ते गोठलेलेच राहू द्या, म्हणजे घरात नवा वास सुटणार नाही. मग वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून थेट गाडीत द्या, डब्यांसकट. बर्फाच्या ट्रेमधला बर्फ, उघडं लोणी, साय, खवा हेही काढून टाका. स्निग्ध पदार्थ वास सर्वात आधी धरतात.

आता वास. तुम्ही कष्ट कमी घेतलेले नाहीत, पण दोन गोष्टी चुकल्या आणि त्यात तुमचा दोष नाही, कारण सगळीकडे सोडाच सांगतात. समुद्राच्या माशाचा तो विशिष्ट वास येतो ट्रायमेथिलअमीनमुळे. हा वायू अल्कधर्मी आहे आणि खायचा सोडाही अल्कधर्मीच. दोघांचं एकमेकांशी काही होत नाही. अमीनला हवं आम्ल. आम्ल मिळालं की त्याचं क्षार होऊन ते हवेत उडायचं थांबतं. आपल्या स्वयंपाकाला हे केव्हापासूनच ठाऊक आहे: माशाला लिंबू चोळायचं, कालवणात कोकम नाहीतर चिंच घालायची. सोडा उपयोगी पडतो तो नंतर, कुजलेल्या चरबीच्या आंबूस वासावर.

दुसरी चूक जास्त मोठी. वास जिथे आहे तिथे तुमचा हात पोचलेलाच नाही. फ्रीजखाली लालसर पाणी आलं, म्हणजे माशांचं पाणी फ्रीजमधल्या निचऱ्याच्या भोकातून नळीने मागे उतरलं, कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये साठलं आणि तो भरून सांडला. हा ट्रे वितळलेल्या दवाचं पाणी सुकवण्यासाठी असतो, म्हणून तो कॉम्प्रेसरच्या उष्णतेवर ठेवलेला असतो. बारा दिवस तुमच्या घरात माशांचं पाणी मंद आचेवर तापतंय. आतून कितीही पुसलं तरी वास का जात नाही, ते आता कळलं असेल.

प्लग काढा, अर्धा तास कॉम्प्रेसर गार होऊ द्या, मग फ्रीज भिंतीपासून ओढा. मागे खाली जाळी किंवा पुठ्ठ्याचं झाकण असतं. त्याचे स्क्रू काढले की काळा किंवा पांढरा प्लास्टिकचा ट्रे दिसेल. निघत असेल तर काढून बाहेर धुवा. काही फ्रीजमध्ये तो पक्का बसवलेला असतो, तो ओढाताण करून तोडू नका. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने पाणी ओढून घ्या, उरलेलं जुन्या फडक्याने टिपा. आधी भांड्याच्या साबणाचं पाणी, नंतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, पंधरा मिनिटं ठेवून पुसून काढा. हातमोजे घाला. वायरींवर पाणी ओतू नका, फडकं ओलं करूनच काम करा. फ्रीजखालची लादी आणि मागची भिंतही याच वेळी पुसा.

निचऱ्याची नळी राहिली. एकदारी साध्या फ्रीजमध्ये आतल्या मागच्या भिंतीच्या तळाशी भोक दिसतं. त्यात सिरिंजने कोमट साबणपाणी, मग व्हिनेगरचं पाणी हळूहळू सोडा, खाली ट्रेमध्ये स्वच्छ पाणी येईपर्यंत. दोनदारी फ्रॉस्ट-फ्री (आतला बर्फ आपोआप वितळवणारा) असेल तर हे भोक फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड असतं. तिथे हीटर आणि सेन्सरच्या वायरी आहेत, ते स्वतः उघडू नका. मेकॅनिकला बोलवा आणि नेमकं सांगा: ‘मागचं पॅनेल काढून कॉइलखालची पन्हळ आणि ड्रेन पाइप धुऊन द्या.’ नुसतं ‘वास येतो’ म्हटलं तर तो गॅस तपासून जाईल. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये हे करून घ्यायलाच हवं, कारण पंखा त्याच पन्हळीवरची हवा वरच्या-खालच्या दोन्ही कप्प्यांत फिरवतो.

आतली सफाई पुन्हा एकदा, पण या क्रमाने. सगळे कप्पे, काचा, ट्रे काढा. पहिलं पुसणं गार पाण्याने. गरम पाण्याने माशाचं रक्त आणि प्रथिनं शिजून चिकटतात, आणि थंड काच तडकते ती वेगळीच. मग कोमट साबणपाणी. मग अर्धा लिटर व्हिनेगर अर्ध्या लिटर पाण्यात. हे लावून दहा मिनिटं ठेवा आणि साध्या पाण्याने पुसा. व्हिनेगर नसेल तर लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूफूल चालेल. दाराच्या रबराच्या घड्या बोटाने उघडून जुन्या टूथब्रशने घासा. तिथे मासळीचं पाणी हमखास अडकतं. शेवटी, आंबूस वास उरला असेल तरच, लिटरला दोन मोठे चमचे सोडा.

आम्लाचं हे पाणी कडाप्प्यावर किंवा संगमरवरावर सांडू देऊ नका. दोन्ही चुनखडीचे दगड, पांढरट डाग पडतात आणि ते निघत नाहीत. ओटा कडाप्प्याचा असेल तर त्याला साबणपाणीच बरं. ग्रॅनाइटला भीती नाही. आणि ब्लीचला हात लावू नका. अमीनशी आणि अमोनियाशी मिळून त्यातून विषारी वायू निघतात, व्हिनेगरशी मिळून क्लोरीन निघतो. छोट्या बंद स्वयंपाकघरात हा खेळ नको.

पुसून झाल्यावर फ्रीज एक दिवस बंद, दार उघडं, समोर टेबलफॅन. घरात लहान मूल असेल तर दार उघडंच राहील असं दोरीने बांधून ठेवा, मूल आत जाऊन दार लागता कामा नये. मग फ्रीज चालू करून रिकामाच ठेवा आणि पावशेर ॲक्टिव्हेटेड चारकोल दोन-तीन पसरट ताटल्यांत घालून प्रत्येक कप्प्यात ठेवा. रंगीत मासे विकणाऱ्या दुकानात तो मिळतो. शेगडीचा कोळसा फारच कमी वास ओढतो. दोन दिवसांनी चारकोल बदला. धूप, अगरबत्ती, फ्रीजमध्ये कॉफीची पूड ठेवणं बंद करा. त्यांनी वास झाकला जातो आणि कुठून येतोय ते कळेनासं होतं.

फ्रीजबाहेरच्या जागा विसरू नका. सिंकखालचा बॉटल ट्रॅप (नळीतला बाटलीसारखा भाग) उघडा, त्यात खवले आणि कोळंबीची सालं साठलेली असतील. त्या दिवशी वापरलेली घासणी, फडकी आणि पोछा टाकून द्या. विळीचा लाकडी पाट साबणाने घासून उन्हात ठेवा.

बारा दिवसांनंतर तुमच्या नाकावर तुम्ही विसंबू शकत नाही. त्याला सवय तरी झाली आहे, नाहीतर नसलेलाही वास येतोय. म्हणून ही चाचणी: वाटीभर दूध झाकण न ठेवता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी ते घराबाहेर, गॅलरीत नेऊन बाहेरून आलेल्या माणसाला हुंगायला द्या. वास नाही म्हणाला तर विषय संपला. ट्रे, नळी, पन्हळ सगळं धुऊन पंधरा दिवसांनीही वास आला, तर आतल्या प्लास्टिकला तडा जाऊन पाणी मागच्या फोममध्ये मुरलं असेल. ते कशानेच निघत नाही. तेव्हाच भंगाराचा विचार करा, आज नको.

काकूंना स्वतः जाऊन सांगा: ‘फ्रीज बंद पडून मासे खराब झाले, या आठवड्यात मेकॅनिक येतोय.’ मान खाली घालू नका. घरोघरी फ्रीज बंद पडतात, दूध-पनीरही असंच कुजतं.

सासूबाईंचं मात्र आम्हाला महत्त्वाचं वाटतं. चार किलो मासे निवडणं, साफ करणं, बर्फात भरून गाडीला लावणं, हे त्यांनी तुमच्यासाठी केलं. त्या ‘बांगडे कसे लागले’ विचारतात ते हिशोबासाठी नाही, तुम्ही जेवलात का ते ऐकायला. ‘छान होते’ म्हणालात तर त्या पुढच्या वेळी पाच किलो पाठवतील आणि तुम्हाला प्रत्येक फोनला नवं खोटं रचावं लागेल. मेन ह्यांनी बंद केला, तर फोनही ह्यांनी लावावा, शेजारी तुम्ही बसा: ‘आई, चूक माझी झाली, मासे फुकट गेले. ही तुला दुखवायला नको म्हणून बोलली नाही.’ हळहळतील, दोन शब्द ऐकवतील. ऐकून घ्या. मग त्यांनाच विचारा की थोडे-थोडे, एका जेवणापुरते पुडे करून पाठवता येतील का.

आणि त्या आधी फ्रीजचा स्वतंत्र एमसीबी (मेन बोर्डावरचा खटका) आहे का बघा. असेल तर गावाला जाताना बाकीचे खाली करा, तो चालू ठेवा. फ्रीझरमध्ये पाण्याची एक वाटी गोठवून बर्फावर रुपयाचं नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वर असेल तर बर्फ वितळला नव्हता. नाणं तळाशी असेल, तर डबे उघडू नका.