रॅप फक्त रागाच्या सीनलाच कशाला?

प्रश्न : ताई, आम्ही सोलापुरात पूर्व भागातली पोरं मिळून एकांकिका बसवतोय. हिरो रॅप करतो, त्याचा बाप टॉवेल कारखान्यात मागावर असतो. कारखाना बंद होणार हे कळल्यावर पोरगा चिडून रॅप करतो, पण तालमीत ते मध्येच गाण्याचा प्रोग्रॅम लागल्यासारखं वाटतंय. आणि म्हाताऱ्या माणसांना रॅप पचेल का?

उत्तर : रॅप अजिबात काढू नका. अडचण एवढीच आहे की पोरगा तोपर्यंत साधं बोलत असतो आणि राग आला की एकदम यमकं जुळवायला लागतो. त्याला पहिल्यापासून त्यातच राहू द्या ना, जेवताना ताटावर ठेका धरू दे, अम्माकडे पैसे मागताना दोन ओळी टाकू दे. 2015 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेल्या हॅमिल्टन या संगीत नाटकात अमेरिकेचे क्रांतिकारक रॅप करतात आणि इंग्लंडचा राजा गोडगोड पॉप गातो, त्यातला फ्रान्सहून आलेला लाफायेत तर सुरुवातीला जपून हळू बोलतो आणि पुढे सुसाट सुटतो, माणूस बदलला हे वेगातूनच कळतं.

तुमच्या सीनला मी उलटं करेन. एरवी फाडफाड बोलणारा पोरगा ओळ सुरू करतो, यमकाच्या जागेपाशी येतो आणि शब्दच येत नाही, बीट मात्र चालूच. रॅपच्या संगीताची सुरुवातच अशा शब्द नसलेल्या जागेतून झालीय, 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कने गाण्यातला नुसत्या वाद्यांचा तुकडा दोन रेकॉर्ड लावून लांबवला, कारण पोरं त्यावरच जास्त नाचायची. आणि बीट नेटवरून घेऊ नका, कारखान्यात जाऊन मागावर धावणाऱ्या धोट्याचा खटका रेकॉर्ड करा, त्याचाच ठेका बनवा. बापाने माग बंद केला की बीटपण बंद, आणि उरलेल्या ओळी पोराने तशाच कोरड्या म्हणायच्या.

भाषा तुमच्या गल्लीतलीच ठेवा, मुंबईच्या रॅपरची ढब नको, बापाशी बोलताना घरची तेलुगू आली तर येऊ द्या. म्हाताऱ्यांची काळजी करू नका, शाहीर राम जोशींच्या लावण्या ज्या गावात झाल्या त्या गावाला शब्दांची फेक नवीन नाही, फक्त शब्द कळले पाहिजेत, त्यामुळे बीटचा आवाज कमी ठेवा. ट्रॅकवर नुसते ओठ हलवणं तेवढं नको, नटाला लाइव्हच म्हणू दे, दम लागला तर लागू दे.